नवशिक्याचे विमान

पतंग उडविणाऱ्या मुलास एक गोष्ट कोणी न शिकविता ठाऊक असते. पतंग एका अंगाला झुकू लागला म्हणजे तो खाली घेऊन दुसऱ्या बाजूस लहानशी चिंधी बांधावयाची, आणि तो गिरक्या घेऊ लागला म्हणजे त्यास शेपटी जोडावयाची. गुरुत्वमध्य, स्थैर्य, वाऱ्याचा दाब हे शब्द त्या मुलाने ऐकलेले नसतात. परंतु चिंधी किती मोठी असावी याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. चिंधी फार मोठी झाली तर पतंग मुळी उठतच नाही, हेही त्याने एकदा अनुभवलेले असते. विमान बांधू इच्छिणाऱ्याचे पहिले गुरुकुल हेच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आजचा विषय याच्या पुढच्या पायरीचा आहे. बिनतारी लहरींनी जमिनीवरून चालविता येणारे, माणूस आत न बसणारे, पण आकाराने व वागणुकीने खऱ्या विमानाचे भावंड शोभेल असे शिकाऊ विमान. हे दुकानात तयार मिळते तसेच सुट्या भागांच्या पेटीतूनही मिळते. पेटीत बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, कापलेल्या फासळ्या, काही लांब काड्या, वाकविलेल्या तारा आणि एक मोठा नकाशा असतो. बाकी सर्व बांधणाऱ्याच्या बोटांत. सवड मिळेल तसे काम करणाऱ्यास दोन-तीन महिने सहज लागतात; आणि एवढ्या श्रमाची वस्तू पहिल्या उड्डाणात दोन पळांच्या गोंधळाने जमिनीत घुसू शकते. म्हणून या छंदात खरा प्रश्न विमान बांधता येते की नाही हा नव्हे. नकाशात दिलेल्या विमानात आपल्या बुद्धीने काय बदलावे, आणि कशाला हात लावू नये, हा आहे.

शिकाऊ विमान दिसावयास फारसे देखणे नसते. पंख धडाच्या वर बसविलेला, जाड आणि खालून सपाट; दोन्ही टोके किंचित वर उचललेली; शेपूट ऐसपैस; नाक बोथट. तरुणांच्या मनात भरते ते लढाऊ विमान, निमुळते व चपळ. या ओबडधोबड प्राण्याकडे पाहून त्यांचा हिरमोड होतो. परंतु त्यातील प्रत्येक बेडौल गोष्टीला कारण आहे, आणि ते कारण जुने आहे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे एक चिमुकले विमान उडवून दाखविले. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटरांच्या आसपास गेले. अकरा सेकंद ही काही मोठी मुदत नव्हे. पण त्या अकरा सेकंदांत त्यास सावरणारा कोणी नव्हता. ते स्वतःच स्वतःला सावरीत होते. मागचे आडवे शेपूट नाक वरखाली जाऊ देत नव्हते, आणि वर वळविलेली पंखांची टोके त्यास कुशीवर लोळू देत नव्हती. राइट बंधूंच्या आधी बत्तीस वर्षे ही गोष्ट झाली.

पुढे अशा विमानाला दुरून आज्ञा देण्याची विद्या आली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचे गाव आहे. तेथील वॉल्टर व विल्यम गुड हे जुळे बंधू. एकाला विमानांचे वेड, दुसऱ्याला बिनतारीचे. १९३७ साली त्यांनी सुमारे आठ फूट पंखांचे एक विमान बिनतारी आज्ञेवर उडविले व वळविले. त्याचे नाव गफ. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्या काळी आज्ञा देता येई ती अगदी तुटपुंजी: शेपटावरचे सुकाणू पूर्ण डावीकडे, किंवा मध्ये, किंवा पूर्ण उजवीकडे. बाकीचा सारा वेळ विमान आपल्या स्वभावाने उडे, म्हणून स्वभाव चांगला असणे भाग होते. आजच्या शिकाऊ विमानाने तो स्वभाव या पूर्वजांकडून घेतला आहे.

जी लहर हे भाषण घरोघरी पोचविते तिचीच बहीण या विमानाला आज्ञा पोचविते, हे नभोवाणीच्या श्रोत्यांस निराळे सांगावयास नको. आणि दोन केंद्रे एकाच जागी लागली म्हणजे जो कालवा होतो तोही परिचयाचा आहे. कित्येक वर्षे विमान उडविणाऱ्यांचे हेच मोठे दुःख होते. एकाच मैदानावर दोघांनी एकाच लहरीचे यंत्र सुरू केले की वर असलेले विमान खाली आलेच. म्हणून मैदानावर एक फळी ठेवीत, तीवर प्रत्येक लहरीच्या नावाचा चिमटा असे, आणि चिमटा हाती असल्यावाचून यंत्र सुरू करण्यास मनाई असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आली आणि हे भय बहुतांशी संपले. ही यंत्रे एका लहरीला चिकटून न राहता आपला संदेश अनेक लहरींवर पसरतात किंवा एकीवरून दुसरीवर उड्या मारीत जातात. अशा उड्या मारण्याच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ साली हेडी लमार ही चित्रपटनटी आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार या जोडीला मिळाले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र विमान नव्हते, पाणतीर होता.

आपल्या महाराष्ट्रात हा छंद नवा नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेतील मुले विमानांच्या प्रतिकृती बांधतात व स्पर्धेत उडवितात. पुण्याचे सदानंद काळे यांनी बिनतारी विमानांची प्रात्यक्षिके दाखवून हजारो मुलांना आकाशाकडे पाहावयास लाविले. आणि मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी माणसे बसू शकतील असे सहा आसनांचे विमान बांधले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. ही मोठी उदाहरणे झाली. परंतु पुण्यामुंबईच्या मुलाला जी एक सोय आहे ती लहान गावच्या मुलाला नाही. तेथे मैदानावर कोणी तरी जाणता शेजारी उभा असतो. पुष्कळदा शिक्षकाचे व शिष्याचे यंत्र तारेने किंवा लहरीने जोडलेले असते. शिष्य गोंधळला की शिक्षक एक कळ सोडतो आणि विमान आपल्या ताब्यात घेतो.

असे समजावे की, फुलंब्रीचा एक विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात यंत्रविद्या शिकतो. फुलंब्री म्हणजे अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे, गिरिजा नदीकाठचे तालुक्याचे गाव. प्रवाशांच्या गाड्या तेथून रोज जातात, थांबतात थोड्या. या मुलाने सिग कंपनीच्या कॅडेट सीनियर जातीच्या विमानाची एक जुनी पेटी कोणाकडून तरी मिळविली आहे. सुट्टीत तो ती घरी घेऊन आला आहे. त्याच्या शेजारी जाणता कोणीच नाही. संगणकावरील आभासी विमान चालवून त्याने बोटांना थोडे वळण लाविले आहे, आणि ते उपयोगाचेही आहे. पण संगणकावरचे विमान पडले तर कळ दाबून पुन्हा उभे राहते. अशा एकट्या शिकणाऱ्याच्या बाबतीत विमान हाच शिक्षक. तेव्हा पेटीत जे आहे त्यात फेरफार करण्यापूर्वी त्याने प्रत्येक वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या बदलाने हा शिक्षक अधिक समजूतदार होतो की अधिक तापट?

या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेसहा फूट असतात आणि त्यांचे क्षेत्र आठ चौरस फुटांच्या आसपास भरते. उडण्यास सिद्ध झालेले वजन तीन किलोच्या जवळ असावे. म्हणजे पंखाच्या एका चौरस फुटावर अर्धा किलोहून कमी भार येतो. म्हणून हे विमान ताशी तीस किलोमीटर इतक्या मंद गतीनेही हवेत तरंगत राहू शकते. सायकल जोरात हाणणारा मुलगा त्याच्या बरोबरीने जाऊ शकेल. या मंदपणातच नवशिक्याला विचार करण्यास वेळ मिळतो.

बांधणीची मुख्य अट एकच, आणि ती सुताराला विचारावी: पाट सपाट हवा. मुलाने घरातील जुन्या दरवाजाची फळी घेतली, तीवर नकाशा पसरला, नकाशावर पातळ प्लॅस्टिक अंथरले, आणि त्यावर टाचण्यांनी काड्या रोवून एकेक फासळी उभी केली. फळीला बाक असेल तर पंखाला बाक येतो, पंखाला बाक असेल तर विमान जन्मभर एका बाजूला ओढते. लाकूड अतिशय मऊ. बाल्साचे झाड दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः इक्वेडोरमधले. सहा ते दहा वर्षांत तोडण्यास येते आणि त्याचे लाकूड पाण्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच जड असते. आपल्याकडे बाशिंगे करण्यास जे भेंड वापरतात ते हातात घेतल्यावर जसे वाटते तसेच काहीसे हे वाटते. त्याच पेटीतील दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघू शकतो. चतुर माणूस प्रत्येक फळी तागडीत घालून पाहतो, जड फळ्या नाकाकडे आणि हलक्या शेपटाकडे वापरतो. नकाशात हे कोठे लिहिलेले नसते.

शेजारचे सुतारकाका काम पाहावयास येणारच. ते त्या काड्या बोटांत धरून म्हणणार, “बाळा, एवढ्याशा काडीवर काय टिकणार? मी सागाची पट्टी देतो, ती घाल मधे.” आणि मुलगा म्हणणार, “काका, सागाची घातली तर टिकेल, पण उडणार नाही.” यात काकांचेही सर्वस्वी चुकते असे नाही. पंखाचा मधला सांधा आणि चाकांची तार जेथे बसते ती जागा, या दोन ठिकाणी अधिक लाकूड व थोडे काचतंतूचे कापड घातल्यास विमानाचे आयुष्य खरोखर वाढते. पण बळकटीचे वेड एकदा लागले म्हणजे ते येथे थांबत नाही. येथे तीन कोनी ठोकळा, तेथे दुहेरी डिंक, शेपटाला जाड फळी, असे करता करता तीन किलोचे विमान साडेतीन किलोच्या वर जाते. याचा हिशेब शाळेतील गणिताचा आहे. तरंगण्यास लागणारी किमान गती वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. वजन एक-पंचमांशाने वाढले तर ती गती सुमारे एक-दशांशाने वाढेल. हे क्षुल्लक वाटते. परंतु जमिनीवर आदळण्याचा जोर वजन गुणिले गतीचा वर्ग या प्रमाणात असतो. तो जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे न मोडावे म्हणून घातलेले लाकूडच मोडण्याचे कारण होते.

त्यातही शेपटाकडील वजन हे सर्वांत महाग वजन होय. विमान जेथे बोटांवर तोलून धरता येते तो बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात असावा लागतो. आता तराजूचा नियम घ्यावा. शेपूट त्या बिंदूपासून पाऊण मीटर मागे आहे, नाक पाव मीटर पुढे आहे. शेपटाला वीस ग्रॅम डिंक अधिक लागला, तर तोल राखण्यासाठी नाकात साठ ग्रॅम शिसे घालावे लागते. वीस ग्रॅमचा आळस ऐंशी ग्रॅमला पडला. आणि शिसे न घातले तर? या छंदातील माणसांत एक म्हण चालते, तिचा भावार्थ असा की, नाकाकडे जड विमान वाईट उडते, शेपटाकडे जड विमान एकदाच उडते. नाक जड असले तर विमान हट्टी होते, पण आपल्या वळणावर येते. शेपूट जड असले तर प्रत्येक लहानशी आज्ञा ते अतिशयोक्तीने पाळते. नवशिका घाबरून उलट आज्ञा देतो, तीही अतिशयोक्तीने पाळली जाते, आणि तिसऱ्या हेलकाव्यास सर्व आटोपते.

आता मोठ्या फेरफाराकडे वळू. ही पेटी ज्या काळची, त्या काळी अशा विमानात चाळीसच्या मापाचे, म्हणजे साडेसहा घनसेंटीमीटरचे इंजिन बसवीत. त्याचे इंधन मिथेनॉलचे, आणि त्यात वंगणासाठी बहुधा एरंडेल. ज्याने ते एकदा चालविले तो त्याचा वास विसरत नाही, आणि त्याच्या घरचे लोक त्या तेलाने माखलेले कपडे विसरत नाहीत. आता असे इंधन लहान गावी मिळविणे कठीण, म्हणून बहुतेक जण विजेची मोटार व लिथियमची बॅटरी बसवितात. हा बदल करण्याजोगा आहे. शिकाऊ विमानास दर किलो वजनामागे दीडशे ते दोनशे वॉट शक्ती पुरते. तीन किलोला साडेचारशे ते सहाशे वॉट झाली. येथे तरुणांचा हात सैल सुटतो आणि हजार वॉटची मोटार येते. मंद विमानाला प्रचंड मोटार लावणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडणे होय. गाडी धावेल, पण चाके व जू यांचा विचार कोणी केलेला नाही.

मोटार बदलताना तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, जुने इंजिन नाकात किंचित खाली आणि किंचित उजवीकडे रोखलेले असे, दोन-तीन अंशच. ती बांधणाऱ्याची चूक नव्हे. पंख्याने मागे फेकलेली हवा पिळदार असते व विमानाला डावीकडे ओढते, तो ओढा मोडण्यासाठी ते तिरके बसविलेले असते. मुलगा नवी मोटार गुण्या लावून अगदी काटकोनात बसवितो आणि नंतर विमान डावीकडे का पळते म्हणून कोड्यात पडतो. दुसरी गोष्ट अनुकूल आहे: इंधनाची टाकी उडता उडता रिकामी होई व नाक हलके होत जाई, बॅटरीचे वजन मात्र शेवटपर्यंत तेच राहते. बॅटरीची जागा पुढेमागे सरकविता येईल अशी ठेवली तर शिशाची गरजच पडत नाही. चारशे ग्रॅमची बॅटरी पाच सेंटीमीटर सरकविली की तीन किलोच्या विमानाचा तोल सुमारे साडेसहा मिलिमीटर सरकतो. सहसा एवढे पुरते. तिसरी गोष्ट हवेची. इंजिन उघड्यावर थंड होत असे. बॅटरी व वेगनियामक धडाच्या पोटात कोंडलेले असतात. नाकात हवा आत येण्यास एक भोक आणि मागे ती बाहेर जाण्यास त्याहून मोठे भोक पाडावे. मराठवाड्याच्या उन्हात हा उपचार ऐच्छिक नाही. लिथियमची बॅटरी फुगली तर ती पुन्हा वापरू नये, आणि भरणी चालू असता तिला सोडून जेवावयास बसू नये, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, कारण आग लागली तर ती त्यांच्या घराला लागेल.

यापेक्षा अधिक वादाचा फेरफार पंखाचा आहे. मूळ नकाशात या विमानाच्या पंखाला एलेरॉन नाहीत. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील झडपा. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते व विमान कुशीवर कलते. ज्या विमानाला त्या नाहीत ते वळते कसे? मागचे उभे सुकाणू फिरविले की नाक एका बाजूस वळते, विमान तिरपे सरकू लागते, आणि टोके वर उचललेली असल्यामुळे पुढे आलेल्या पंखाखाली वारा अधिक भरून तो वर उचलला जातो. अशा रीतीने ते आपणहून कलते. आज्ञा सोडली की त्याच उचललेल्या टोकांमुळे ते हळूहळू आपणहून सरळही होते. हा गुण पैसे देऊन मिळत नाही.

परंतु खऱ्या विमानाला एलेरॉन असतात, मित्रांच्या विमानाला असतात, आणि सुकाणूने वळणारे विमान वाऱ्यात थोडे आळशी वाटते. म्हणून कित्येकांनी या विमानाच्या पंखात झडपा बसविल्या आणि टोकांची उचल निम्म्यावर आणली. असे विमान उडते, उत्तम उडते. फक्त ते नवशिक्याचे राहत नाही. मंद गतीने जमिनीकडे येत असता एक पंख खाली गेला, तर शिकणारा घाईने एलेरॉनने तो उचलू पाहतो. त्या पंखाची झडप खाली जाते, त्याने पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो, आधीच काठावर असलेला तो पंख हवा सोडतो, आणि उचलण्याऐवजी तोच कोसळतो. ज्याला हे ठाऊक आहे तो झडपा खाली कमी व वर जास्त जातील अशी योजना करतो, टोकांना दोन-तीन अंशांचा उलटा पीळ देतो म्हणजे टोके सर्वांत शेवटी हवा सोडतात, आणि अशा वेळी सुकाणू वापरतो. पण हे सर्व ठाऊक असणाऱ्याला नवशिका कसे म्हणावे?

यावर एक तोड आहे व ती पुरेशी वापरली जात नाही. या विमानाचा पंख धडाला रबराच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो, तो दोन मिनिटांत निघतो. तेव्हा पहिला पंख नकाशाबरहुकूम, उचललेल्या टोकांचा, झडपांवाचून बांधावा. त्यावर पंचवीस-तीस उड्डाणे निर्विघ्न झाली की दुसरा पंख झडपांसह बांधावा, आणि धड तेच ठेवावे. दुसऱ्या पंखाला लाकूड फार लागत नाही, आणि पावसाळ्यात उडविणे बंद असते तेव्हा हातांना काम मिळते. चूक झालीच तर जुना पंख खुंटीवर टांगलेला असतो.

त्या रबरी पट्ट्यांविषयीही एक शब्द. त्या दिसण्यास गावठी, म्हणून पोलादी मळसूत्रांनी पंख घट्ट आवळण्याचा मोह होतो. पण पंख झाडाला आपटला तर पट्ट्या ताणल्या जातात, पंख निसटून बाजूला पडतो आणि दोन्ही बहुधा वाचतात. पोलाद ताणत नाही. ते धडाची बाजू फाडून बाहेर येते. पट्ट्या मात्र उन्हाने व तेलाने सडतात. दहा-बारा लावाव्यात आणि तडा दिसताच टाकून द्याव्यात.

चाकांचा फेरफार फुलंब्रीच्या मातीनेच मागितलेला आहे. नकाशा काढणाऱ्याच्या मनात कापलेल्या गवताचे मैदान होते. येथे रब्बीची ज्वारी निघाल्यानंतरचे रान, त्यात ढेकळे आणि भेगा. शेजारी पऱ्हाट्यांचे खुंट. पुढचे लहान चाक पहिल्या ढेकळाला अडते, तार वाकते, पंखा मोडतो. तेव्हा मोठी हलकी चाके लावणे हा पहिला उपाय. पुढचे चाक काढून दोन मुख्य चाके तोलबिंदूच्या थोडी पुढे आणणे आणि शेपटाखाली बांबूची घसरपट्टी बसविणे हा दुसरा. बुरुडाकडचा एक चिवा तासला की झाले. यात एक तोटा कबूल केला पाहिजे: असे विमान धावताना गोल फिरण्यास पाहते व सुकाणूने त्यास सतत सरळ ठेवावे लागते. ज्या मैदानावर पाऊणशे पावलांची साफ पट्टी मिळते तेथे मूळ तीन चाके ठेवणेच शहाणपणाचे. ती नसेल तर एखाद्या मित्राने विमान डोक्यावर धरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, वर नव्हे तर सरळ क्षितिजाकडे, ढकलून सोडावे.

आणखी एक हिशेब या भूमीचा आहे. संभाजीनगरची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडी अधिक. उन्हाळ्यात पारा चाळीसला पोचला म्हणजे येथील हवा थंड देशातील समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक-सप्तमांशाने विरळ होते. विमानास तरंगण्यासाठी सात-आठ टक्के अधिक गती लागते, आणि दुपारी वावटळी उठतात त्या निराळ्याच. म्हणून उड्डाण फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी सूर्य वर येण्याच्या सुमारास, धूर सरळ वर जात असता करावे.

जागा निवडताना आणखी काही पाहावे लागते. तीन किलो वजन ताशी साठ किलोमीटर गतीने आदळणे म्हणजे ते चौदा मीटर उंचीवरून, सुमारे चौथ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. पुढे लाकडी किंवा प्लॅस्टिकचा फिरता पंखा. तेव्हा रस्ता, विजेच्या तारा, चरणारी गुरे व शेतात वाकलेली माणसे यांच्या वरून विमान नेऊ नये, आणि बघावयास आलेली सारी मुले उडविणाऱ्याच्या पाठीमागे उभी करावी. पुढे उभे राहून पाहण्यात मौज अधिक, हे कोणीही मान्य करील, तरी पाठीमागेच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाच्या आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे भाग नकाशावर दाखविलेले असतात. हिरव्या भागातही मर्यादा जमिनीपासून ४०० फुटांची. आपले रान कोठे येते आणि आपल्या वजनाच्या विमानास कोणती नोंदणी लागते ते आधी पाहून घ्यावे.

मग ती सकाळ उगवते. यंत्राची शक्ती मुद्दाम कमी करून मुलगा तीस पावले दूर जातो आणि झडपा हलतात की नाही ते मित्राला विचारतो. सुकाणू उजवीकडे म्हटल्यावर उजवीकडेच जाते ना, हेही पाहतो. तारा उलट जोडल्या गेल्यामुळे पहिल्याच उड्डाणात नष्ट झालेली विमाने या छंदात मोजण्यापलीकडे आहेत. विमान सुटते. ते वर चढू लागते आणि आपल्या ओळखीचे मोठे विमान एकाएकी मुठीएवढे दिसू लागते. ते दूर जात असता सर्व ठीक असते. ते वळून समोरून येऊ लागले की डावे उजवे होते व उजवे डावे. त्या क्षणी विचार करण्यास वेळ नसतो. जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच्याखाली आधार द्यावा तशी कांडी त्याच बाजूस न्यावी, एवढेच बोटांना पाठ असावे लागते. आणि तेही सुचले नाही तर? तर दोन्ही हात सैल सोडावेत. टोके उचललेली आहेत, तोल नाकाकडे आहे, वजन बेताचे आहे. अडीचशे फुटांवर असलेले हे विमान डुलत डुलत स्वतःला सरळ करते, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढ्यात श्वास घेता येतो.

सात मिनिटे झाली की उतरावयाचे. पहिले उतरणे बहुधा ज्वारीच्या धसकटांत होते आणि घसरपट्टी मोडते. मुलगा वहीत लिहून ठेवतो: विमान शक्ती वाढविली की डावीकडे ओढते. मोटारीच्या बुडाशी डाव्या बाजूस एक पातळ चकती सरकवून तो तिचे तोंड अंशभर उजवीकडे वळवितो, मोडलेल्या बांबूच्या जागी दुसरा बांधतो, आणि बाभळीच्या सावलीत झाकून ठेवलेली दुसरी बॅटरी मित्राकडून मागवून घेतो.